तीन वापरलेल्या लक्झरी सेडान, आणि सगळ्यात जास्त बिलं असलेली गाडी आम्ही का घेतली

माझ्या मावसभावाला वापरलेली लक्झरी सेडान घ्यायची होती आणि गाड्यांचं मला थोडंफार कळतं म्हणून शोधाशोधीपासून व्यवहार होईपर्यंत मी त्याच्यासोबत होतो. शेवटी तीन गाड्या उरल्या, तिन्ही वेगवेगळ्या कंपनीच्या, आणि आम्ही घेतली ती तिघींत सगळ्यात जास्त चाललेली आणि जिच्यावर आधीच्या मालकाने सगळ्यात जास्त खर्च केला होता ती. घरात बऱ्याच जणांना हे उलटं वाटलं. म्हणून पूर्ण प्रकरणच लिहून काढतोय, कोणाला असा निर्णय घ्यायचा असेल तर उपयोगी पडेल.

आधी त्याची गरज काय होती ते सांगतो कारण पुढचं सगळं त्यावरच ठरलं. रोज ऑफिसला जाऊन यायचं, एका बाजूचं अंतर सात-आठ किलोमीटर, तेही ट्रॅफिकमधून. महिन्यातून एखादा लांबचा प्रवास, हायवेचा. मागे आईवडील बसणार, वडिलांच्या गुडघ्यांचा त्रास, त्यामुळे मागची जागा आणि सीटची उंची दोन्ही महत्त्वाचं. आणि त्याची स्वतःची एक हौस, की गाडी चालवताना मजा आली पाहिजे, नुसती बसायला चांगली असून भागणार नाही. ही हौस मी कमी लेखत नाही, लक्झरी गाडी माणूस हौसेनेच घेतो, नाहीतर त्याच पैशात नवीकोरी साधी सेडान येतेच की.

सुरुवातीला त्याने मर्सिडीजची एस क्लास आणि बीएमडब्ल्यूची सेव्हन सिरीज अशा मोठ्या गाड्याच बघायला घेतल्या होत्या. "दादा, बघ ना, ह्याच बजेटमध्ये एस क्लास येतेय!" येते, खरंय. पण जुनी एस क्लास स्वस्त होते म्हणून तिचा कॉम्प्रेसर किंवा सस्पेन्शन स्वस्त होत नाही, पार्ट्सची किंमत त्या गाडीच्या नव्या किमतीच्या हिशोबाने लावलेली असते आणि ती तशीच राहते. २००५ ला आलेल्या डब्ल्यू२२१ मॉडेलमध्ये एअर सस्पेन्शन असतं, त्यात स्प्रिंगच्या जागी रबराचे बेलो, म्हणजे हवेच्या पिशव्या असतात, रबर वयाने तडकतं, हवा हळूहळू गळते, मग ती गळती भरून काढायला कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो आणि शेवटी तोही जातो. रात्रभर उभी केलेली अशी गाडी सकाळी एका कोपऱ्यात बसलेली दिसली की समजायचं. मी त्याला एकच गोष्ट सांगितली, बजेटचा पाचवा हिस्सा आधी बाजूला काढ, तो पहिल्या वर्षाच्या कामांचा, आणि उरलेल्या पैशात गाडी बघ. पाचवा हिस्सा हा माझा अंदाज आहे, कोणी चौथा म्हणेल, पण सगळं बजेट गाडीतच घालवून वापरलेली लक्झरी गाडी घेऊ नये ह्यावर मी ठाम आहे. हे ऐकल्यावर एस क्लास आपोआप मागे पडली आणि आम्ही मधल्या साइजवर आलो.

ऑडी ए६ पण यादीत होती, सी७ मॉडेल, २०११ नंतरचं. पण आम्हाला मिळत होत्या त्या सगळ्या फ्रंट व्हील ड्राइव्हच्या, मल्टिट्रॉनिकवाल्या, म्हणजे साखळीवर चालणारा सीव्हीटी, ठरावीक पायऱ्यांचे गिअर नसलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. ऑडीने तो गिअरबॉक्स २०१४ च्या आसपास बंद केला आणि त्या जागी ड्युअल क्लच दिला. मल्टिट्रॉनिक उघडून नीट दुरुस्त करणारा माणूस शोधणं हेच एक काम होऊन बसतं. ऑडीवर मी जास्त वेळ घालवला नाही.

उरल्या तीन. २०११ ची बीएमडब्ल्यू ५२०डी, एफ१० मॉडेल, मीटरवर ५८,००० किलोमीटर. २०१३ ची लेक्सस ईएस ३००एच, हायब्रिड, ९५,०००. आणि २०१४ ची मर्सिडीज ई २००, ई क्लासच्या डब्ल्यू२१२ मॉडेलचं फेसलिफ्ट म्हणजे सुधारलेली आवृत्ती, पेट्रोल, १,१२,०००.

बीएमडब्ल्यू आधी, कारण त्याचं मन तिच्यावरच होतं. एफ१० चालवायला सुंदर आहे यात वादच नाही, झेडएफचा आठ स्पीड गिअरबॉक्स तर आजही मला सगळ्यात आवडतो. विकणारा फोनवर अभिमानाने सांगत होता की इतक्या वर्षांत सर्व्हिसिंग सोडून एकही काम निघालं नाही. आणि माझ्या मनात तिथेच शंका आली. कारण ह्या वयाच्या गाडीत काही गोष्टी संपणारच असतात, इंजिन माउंट (इंजिन धरणारे रबरी आधार), सस्पेन्शनचे बुश (जोडांमधली रबरं), ब्रेक डिस्क, बॅटरी, वॉटर पंप, गिअरबॉक्स ऑइल. रबर आणि प्लास्टिकला किलोमीटर कळत नाहीत, वय आणि उष्णता कळते. मग ह्यातलं एकही काम झालं नसेल तर त्याचा अर्थ एवढाच की ती सगळी कामं अजून व्हायची आहेत, आणि जो घेईल त्याच्या नावावर होणार आहेत.

आम्ही पोचलो तेव्हा गाडी दारात उभी होती. मी आधी बॉनेटवर हात ठेवला. गरम. फोनवर स्पष्ट सांगितलं होतं की आम्ही येईपर्यंत चालू करू नका, तरी गरम. हे एवढं का महत्त्वाचं ते सांगतो. त्या गाडीत एन४७ नावाचं दोन लिटरचं डिझेल इंजिन आहे, आणि ह्या इंजिनाची टायमिंग चेन (पिस्टन आणि व्हॉल्व्हची वेळ जुळवणारी साखळी) पुढे नाही, मागे आहे, गिअरबॉक्सच्या बाजूला. ह्या इंजिनात, विशेषतः सुरुवातीच्या वर्षांतल्या, चेन आणि तिचे गाइड झिजण्याची तक्रार जगभर माहितीये. पुढे असती तर काम आटोक्यातलं होतं, पण मागे असल्यामुळे बदलायला इंजिन किंवा गिअरबॉक्स खाली काढावा लागतो, म्हणजे पार्टपेक्षा मजुरीच मोठी. आणि चेन तुटलीच तर पिस्टन जाऊन व्हॉल्व्हवर आदळतात, मग नुसती चेन बदलून भागत नाही. झिजलेल्या चेनचा घासल्यासारखा खरखर आवाज मागच्या बाजूने, डॅशबोर्डच्या पलीकडून येतो, आणि थंड इंजिन पहिल्यांदा चालू करताना, जरा रेस केल्यावर नीट ऐकायला मिळतो. इंजिन आधीच गरम करून ठेवलं की ऐकण्यासारखा तोच क्षण गेला.

मग मी आत बसलो आणि हळूहळू बघत गेलो. ड्रायव्हर सीटची दाराकडची कड, जिथून रोज माणूस घासून उतरतो, तिथलं लेदर दबून गुळगुळीत झालेलं आणि एका जागी रंग उडून खालचा फिकट भाग दिसत होता. स्टिअरिंगवर हात धरायच्या जागी चकाकी. ब्रेक पेडलच्या रबरावरच्या रेषा एका बाजूने जवळजवळ पुसलेल्या. ५८,००० ला हे होत नाही. एखादी खूण सुटी असती तर सोडली असती, पण तिन्ही एकच गोष्ट सांगत होत्या. त्यानंतर स्कॅनर लावला. एकही एरर कोड नाही, अगदी स्वच्छ, पण स्कॅनरमध्ये अजून एक आकडा असतो जो बरेच जण बघतच नाहीत, कोड पुसल्यापासून गाडी किती चालली तो. तो फक्त काही किलोमीटर दाखवत होता. म्हणजे आम्ही यायच्या आधी कोणीतरी सगळं पुसलं होतं. काय पुसलं ते कळायला मार्ग नाही.

मीटर फिरवलंय हे सिद्ध काही करता आलं नाही आणि तशी गरजही नव्हती, आपण कोर्टात नाही उभे, आपल्याला फक्त पैसे द्यायचे की नाही एवढंच ठरवायचंय. (ज्यांना खोलात जायचंय त्यांच्यासाठी, ह्या गाड्यांत किलोमीटर एकाच जागी साठवत नाहीत, मीटरशिवाय दुसऱ्या मॉड्यूलमध्ये आणि चावीतही नोंद असते, जाणकार माणसाकडून ते वाचून घेता येतं.)

भावाला वाईट वाटलं. टेस्ट ड्राइव्ह करून उतरला तेव्हा चेहरा खुललेला होता त्याचा, आणि मी ही यादी वाचायला लागलो. त्याला मी अजून एक गोष्ट सांगितली, जी त्या गाडीपुरती नाही, कुठल्याही आधुनिक डिझेलला लागू आहे. तुझं रोजचं अंतर सात-आठ किलोमीटर. डिझेलच्या एक्झॉस्टमध्ये डीपीएफ असतो, काजळी अडवणारा फिल्टर, आणि तो स्वतःला साफ करतो काजळी जाळून, त्यासाठी आत ६०० अंशांच्या आसपास तापमान लागतं. ते तापमान गाठायला आणि टिकवायला सलग मोकळा रस्ता पाहिजे. छोट्या अंतरात जाळणं सुरू होतं आणि तू गाडी बंद करतोस, असं पुन्हा पुन्हा. फिल्टर भरत जातो, आणि जाळण्यासाठी जादा सोडलेलं डिझेल अर्धवट राहून सिलिंडरच्या भिंतीवरून खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं. पातळ ऑइल, आणि वर चेनची काळजी असलेलं इंजिन. तुझ्या वापराला ही गाडी शोरूममधून नवी आणली असती तरी बरोबर नव्हती.

तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मग लेक्सस बघूया."

कागदावर लेक्सस सगळ्यात योग्य होती, हे मी आजही म्हणेन. २.५ लिटर पेट्रोल आणि हायब्रिड, ट्रॅफिकमध्ये अर्धा वेळ इंजिन बंदच. तिच्या गिअरबॉक्सला सीव्हीटी म्हणतात पण आत बेल्ट नाही, चेन नाही, प्लॅनेटरी गिअर आणि दोन मोटर. वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही. म्हणजे बिघडायला जे भाग असतात तेच कमी. ब्रेकही उशिरा झिजतात कारण बरंचसं थांबवायचं काम मोटर करते. काळजी घ्यायची ती मागच्या बॅटरीची, तिला गार ठेवायला पंखा आणि हवेची जाळी असते, ती धुळीने चोंदली की बॅटरी तापते आणि आयुष्य कमी होतं. भावाचं म्हणणं होतं की स्टिअरिंग हलकं आहे, फ्रंट व्हील ड्राइव्ह आहे, "चालवतोय असं वाटत नाही रे, नेतेय असं वाटतं." बरोबर आहे त्याचं, पण मागे वडिलांना बसवून बघितलं तेव्हा ते म्हणाले हीच घ्या.

आणि तरी ती घेतली नाही, कारण लेक्सस चांगली असते म्हणून ती समोर उभी असलेली लेक्सस चांगली असेलच असं नाही.

रंगाची जाडी मोजायचं मीटर माझ्याकडे आहे, छोटंसं, पत्र्यावर टेकवलं की मायक्रॉनमध्ये आकडा दाखवतं. फॅक्टरीचा रंग साधारण १०० ते १६० मध्ये असतो. उजव्या बाजूचे सगळे पॅनल १२० च्या आसपास आले, डावा पुढचा फेंडर आणि त्याच्यामागचं दार ३०० च्या घरात. फेंडरच्या बोल्टवरचा रंग पान्याने उडालेला. डावा हेडलाइट एकदम काचेसारखा स्वच्छ, उजवा वयाप्रमाणे पिवळसर. इथपर्यंत ठीक होतं, ठोकर कोणाचीही होऊ शकते, फेंडर-दार बदललं म्हणून गाडी वाया जात नाही. पण मग मी सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढला. बेल्टच्या अगदी खालच्या टोकाला शिवलेलं एक लेबल असतं, त्यावर तो कधी बनला ते छापलेलं असतं. मागचे बेल्ट २०१३ चे. पुढचे दोन्ही २०१५ चे.

पुढचे दोन्ही बेल्ट कोणी हौसेने बदलत नाही. मोठ्या धडकेत बेल्टमधला प्रिटेन्शनर उडतो, बेल्ट एका झटक्यात आवळला जातो, आणि तो परत वापरता येत नाही, बदलावाच लागतो. म्हणजे गाडी अशी आदळली होती की प्रिटेन्शनर उडाले, आणि बहुतेक एअरबॅगही. विकणारा म्हणत होता "थोडं खरचटलं होतं". एअरबॅग परत बसवल्या का, नीट बसवल्या का, आतली फ्रेम सरळ केली की वरून पत्रा लावला, ह्यातलं काहीही त्याच्याकडे कागदावर नव्हतं. मागे आईवडील बसणार आहेत त्या गाडीत हे चालवून घेणार नाही, विषय संपला.

तर मर्सिडीज. खरं सांगायचं तर ती आम्ही शेवटी ठेवली होती कारण किलोमीटर सगळ्यात जास्त. मालक वयस्कर गृहस्थ, पहिल्यापासून तेच मालक. त्यांनी गाडी दाखवायच्या आधी एक जाड फाइल टेबलावर ठेवली आणि म्हणाले, आधी हे वाचा, मग गाडी बघा.

आणि ती फाइल वाचायलाच मला गाडी बघण्यापेक्षा जास्त वेळ लागला. गिअरबॉक्स ऑइल आणि फिल्टर बदललेलं, तारखेसकट, किलोमीटरसकट. पुढच्या सस्पेन्शनचे आर्म आणि बुश. इंजिन आणि गिअरबॉक्स माउंट. पुढच्या-मागच्या डिस्क. थर्मोस्टॅट. दर दोन वर्षांनी ब्रेक फ्लुइड, जे शंभरातले नव्वद लोक कधीच बदलत नाहीत आणि ते हवेतलं पाणी शोषून घेतं. एम२७४ म्हणून जे पेट्रोल इंजिन ह्या गाडीत आहे त्याच्या, व्हॉल्व्ह उघडायची वेळ पुढेमागे करणाऱ्या, कॅमशाफ्ट अ‍ॅडजस्टरची तक्रार माहितीतली आहे, थंड सुरू करताना पहिले काही सेकंद खडखड वाजतं, तर अ‍ॅडजस्टर बदलल्याचंही बिल होतं. प्रत्येक बिलावरचे किलोमीटर एकापुढे एक वाढत गेलेले, कुठेही उडी नाही. मीटर खरं आहे ह्याचा ह्यापेक्षा चांगला पुरावा मला माहीत नाही.

भाऊ माझ्या कानाशी म्हणाला, "दादा, केवढी कामं निघालीयेत हिच्यात!" मी म्हटलं अरे हेच तर पाहिजे. बीएमडब्ल्यूत जी कामं तुझ्या पैशाने होणार होती ती हिच्यात दुसऱ्याच्या पैशाने झालीयेत, आणि त्यातली बरीचशी शेवटच्या ३०,००० किलोमीटरमध्ये. म्हणजे मीटर १,१२,००० दाखवत असलं तरी हिचे बुश, माउंट आणि डिस्क जेमतेम ३०,००० चे आहेत. त्या दिवशी त्याला ते फारसं पटलं नाही. पटलं नंतर, आम्ही दोन्ही गाड्यांच्या पुढच्या दोन वर्षांच्या संभाव्य कामांची यादी समोरासमोर लिहिली तेव्हा.

फाइल चांगली म्हणून तपासणी सोडली नाही. इंजिन पूर्ण थंड होतं, चालू केलं, कान लावला, खडखड नाही. स्कॅनरवर दोन जुने कोड होते, एक बॅटरी व्होल्टेजचा, एक पार्किंग सेन्सरचा, आणि मला ते बघून बरं वाटलं कारण कोणी काही पुसलेलं नव्हतं. रस्त्यावर आधी हळू, ट्रॅफिकमध्ये, कारण सात स्पीडचा गिअरबॉक्स दुखावलेला असेल तर कमी वेगात खालचे गिअर बदलताना झटका देतो, मग ६०-७० वर पाय हलका ठेवून थरथर येते का ते बघितलं. लिफ्टवर घेऊन मागची सबफ्रेम (मागची चाकं आणि सस्पेन्शन धरणारा खालचा सांगाडा) टॉर्च मारून तपासली, कारण ह्या मॉडेलमध्ये तिथे गंज लागल्याची उदाहरणं आहेत, खासकरून जिथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात तिथल्या गाड्यांत. वरवरचा थोडा तांबूसपणा होता, पोखरलेलं काही नव्हतं. साध्या स्प्रिंगचं सस्पेन्शन, एअर नाही, आमच्यासाठी हा प्लस पॉइंट. चॅसी नंबर टाकून रिकॉल, म्हणजे दोष निघाला म्हणून कंपनीने गाड्या दुरुस्तीला परत बोलावणं, बाकी आहेत का तेही बघितलं, हे फुकट होतं आणि प्रत्येकाने करावं, टाकाटाच्या एअरबॅगचा रिकॉल तर कितीतरी कंपन्यांच्या गाड्यांना लागला होता.

दोष काय निघाले? मागचे दोन टायर सहा वर्षं जुने (टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष), बॅटरी थकलेली, आणि तो सेन्सर. तिन्हीचा खर्च विचारून घेतला आणि तेवढाच भाव कमी करायला सांगितलं, एक रुपया जास्त नाही. ते गृहस्थ लगेच तयार झाले. ज्या माणसाने गाडी अशी सांभाळलीये त्याच्याशी उगाच घासाघीस करावी असं मला वाटत नाही, बाजारभावापेक्षा थोडी महाग पडली असेल आणि ते योग्यच होतं.

गाडी आल्यावर पहिल्याच आठवड्यात इंजिन ऑइल, सगळे फिल्टर, स्पार्क प्लग, टायर, बॅटरी. बाजूला काढलेल्या पैशातला अर्धाही लागला नाही. भावाला स्टिअरिंगची आठवण येते, बीएमडब्ल्यूच्या, ते तो लपवत नाही. ई क्लास वळणावर तशी उत्साही नाही, आणि त्या छोट्या टर्बो इंजिनात थांबलेलं असताना उचल घ्यायला अर्धा क्षण जातो. पण लांबच्या प्रवासात ती जी शांत बसते रस्त्यावर, त्याचं कौतुक आता तो स्वतः करतो, आणि वडील मागे झोपतात.

हाच निर्णय सगळ्यांनी घ्यावा असं माझं म्हणणं अजिबात नाही. ती लेक्सस ठोकलेली नसती तर माझं मत तिलाच होतं, वापर बघता तीच बसत होती. रोज साठ-सत्तर किलोमीटर हायवे असता तर मी डिझेलच शोधायला लावलं असतं, फक्त बीएमडब्ल्यूत एन४७ नंतरचं बी४७ असलेली, २०१४ च्या पुढची, आणि गिअरबॉक्स ऑइल बदलल्याचं बिल मागितलं असतं, कारण "लाइफटाइम ऑइल" असं कितीही कोणी म्हटलं तरी गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ८०,००० ते १,२०,००० च्या दरम्यान बदलायला सांगते. आणि कोणाला खरंच एअर सस्पेन्शनवालीच पाहिजे असेल तर घ्यावी, पण चारही बेलो कधी बदलले ते फाइलमध्ये बघून.

भावाने ती फाइल पुढे चालू ठेवलीये, टायर आणि बॅटरीची बिलं लावून झालीयेत. ह्या महिन्यात कूलंट बदलायचंय, मी लिफ्टवर खालून परत एकदा बघणार आहे, सबफ्रेमचा तो तांबूसपणा वाढलाय का ते.